फोटो काढायला जाताना घरातलं म्हातारं माणूस बरोबर न्या

आपल्या घरात कुणी वारले की दुसऱ्या दिवशी फोटोची शोधाशोध सुरू होते. जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाची पत्रिका छापायची असते, विहारात हार घालायला तसबीर लागते. मोबाइल उघडावेत तर नातवंडांच्या वाढदिवसाचे शेकडो फोटो निघतात, आजीचा एकही धड निघत नाही. कुठल्या तरी लग्नाच्या घोळक्यात मागे अर्धा चेहरा दिसतो. शेवटी आधार कार्डावरचा फोटो स्टुडिओत नेतात. स्टुडिओवाला तो मोठा करतो, मागे निळे आभाळ टाकतो, अंगावर कोरी साडी चढवतो. जन्मभर उसाच्या फडात राबलेली बाई कधी न नेसलेल्या साडीत भिंतीवर जाते.

आरोग्याच्या पानावर फोटोचे काय काम, असे वाचक बंधू-भगिनी विचारतील. आम्ही आधी दवाखान्यात परिचारिका म्हणून आणि नंतर वस्त्यांमधून आरोग्याचे काम केले. दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच दिसली. आजारी माणसाला डॉक्टर विचारतात, घरात कुणाला साखर होती का, कुणाला हृदयाचा त्रास होता का, आई-वडील कशाने गेले? उत्तर येते, "म्हातारपणानं गेले." पन्नाशीत गेलेल्या बापाबद्दलही असेच सांगितले जाते. जिला सगळे ठाऊक आहे ती आजी त्या वेळी घरी खाटेवर बसलेली असते. तिला कुणी विचारलेले नसते.

आपल्या घरांचा इतिहास कागदावर थोडा आणि म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात जास्त आहे. त्यात आजारांचा इतिहासही आला. तो घरात बसवून, वही घेऊन विचारला तर निघत नाही. "मला काय आठवतंय आता?" म्हणून आजी विषय संपवते. पण तिला तिच्या माहेरच्या वाटेवर नेले की एकेक झाड, एकेक ओढा बघून ती आपणहून बोलू लागते. म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. आजकाल तरुण पोरे फोटो काढायला म्हणून गाड्या घेऊन नद्या, घाट, धबधबे फिरतात. चांगले आहे. त्यातली वर्षाला एक फेरी घरातल्या म्हाताऱ्या माणसाबरोबर करा. तब्येतीची तयारी करून निघा आणि कॅमेरा त्यांच्याकडे वळवा.

वाडीचा नेहमीचा फोटो

कोल्हापूर-सांगलीकडे फोटोची ठिकाणे ठरलेली आहेत. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराचा स्वर्गमंडप, पन्हाळ्यावरचे धुके, आणि पावसाळ्यात नृसिंहवाडी. शिरोळ तालुक्यातल्या या वाडीला कृष्णा आणि पंचगंगा एकमेकींना मिळतात आणि काठावरच दत्ताचे देऊळ आहे. नद्या चढल्या की पाणी उत्तरेकडच्या दारातून देवळात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेकडच्या दारातून बाहेर पडते. याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. त्या पाण्यात स्नान करायला गर्दी होते, हातात मोबाइल उंच धरलेले असतात, आणि संध्याकाळपर्यंत ते फोटो गावोगावच्या गटांवर फिरतात.

कुणाच्या श्रद्धेची टिंगल करण्याचा आमचा हेतू नाही. आम्ही बौद्ध आहोत, तिथे दर्शनाला जात नाही. पण नदी सगळ्यांची आहे, आणि पाण्याशी आपले नाते काय आहे हे महाडच्या चवदार तळ्याने १९२७ साली सांगून ठेवले आहे. आम्हाला बोलायचे आहे ते त्या फोटोत न येणाऱ्या पाण्याबद्दल.

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शिरोळ तालुका नदीच्या खालच्या अंगाला. पंचगंगेचे पाणी इथे येते आणि कृष्णेचेही इथेच येते. पाणी फार वाढले की वाडीच्या देवळातली उत्सवमूर्ती उंचावर हलवतात. त्याची रीत ठरलेली आहे, वेळ ठरलेली आहे, कोण काय उचलणार हेही ठरलेले आहे. आमचा प्रश्न एवढाच की मूर्तीसाठी जी तयारी गावाला जमते, ती खाटेवरच्या आजीसाठी का जमत नाही? अनेक गावांत आपली वस्ती गावाच्या खालच्या अंगाला आहे. तिथे पाणी आधी शिरते आणि शेवटी ओसरते. तिथला फोटो निघतो तो महिन्याभराने, मदतीचे किट हातात देताना. त्यात देणाऱ्याचा चेहरा समोर असतो आणि घेणाऱ्याची मान खाली.

आमची फेरी

गेल्या थंडीत आम्ही आत्तीला घेऊन निघालो. आत्ती सत्तरीच्या पुढची, साखर आणि ब्लडप्रेशर दोन्ही असलेली, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेली. तिचे माहेर शिरोळ तालुक्यात नदीकाठी. गाडी चालवायला आणि फोटो काढायला कॉलेजात शिकणारा भाचा. कॅमेरा म्हणजे त्याचा मोबाइलच. कोल्हापूर ते वाडी सरळ गेले तर पन्नासेक किलोमीटर. आम्ही तो रस्ता दिवसभर पुरवला.

पहिला मुक्काम माणगाव. सांगली रस्ता सोडून आत वळावे लागते. २१ आणि २२ मार्च १९२० ला इथे बहिष्कृत वर्गाची परिषद भरली, अध्यक्ष होते तरुण बाबासाहेब, आणि शाहू महाराज स्वतः येऊन म्हणाले की तुम्हाला तुमचा पुढारी सापडला. हे आपल्या पोरांना भाषणांतून पाठ असते. स्मारकापुढे आत्तीचा फोटो काढताना भाच्याने सहज विचारले, "आज्जी, आपल्यातलं कोण आलतं का हो तवा?" आत्ती म्हणाली, "माजा आज्जा आलता म्हनं. चालत." मग आज्ज्याबद्दल ती बोलतच राहिली. तो कसा होता, काय खायचा, आणि शेवटी कसा गेला. पायाच्या अंगठ्याला ठेच लागली, जखम भरेना, अंगठा काळा पडला, मग पाऊल काळे पडले आणि तो गेला. आत्तीचा बापही पायाच्या जखमेनेच गेला. तिच्या घरात याला "पाय लागणं" म्हणत. परिचारिकेला पुढचे सांगावे लागत नाही. तीन पिढ्यांची साखर माणगावच्या आवारात दहा मिनिटांत समोर आली. भाच्याचे पोट सुटायला लागले आहे. त्याने साखर तपासून घ्यायची, आणि आत्तीच्या सगळ्या लेकरांनीही घ्यायची, हे तिथेच ठरले.

पुढे इचलकरंजीवरून कुरुंदवाडकडे निघालो. वाटेत पंचगंगेवरच्या तेरवाडच्या बंधाऱ्याजवळ थांबलो. मेलेले मासे पाण्यावर तरंगत असल्याच्या बातम्या या बंधाऱ्यावरून पुन्हा पुन्हा आल्या आहेत. जलपर्णीचा हिरवा गालिचा फोटोत फार सुंदर दिसतो, ही त्यातली गंमत. आत्ती सांगत होती की लहानपणी याच नदीचे पाणी त्यांनी ओंजळीने प्यायले. आता कारखान्यांचे आणि गावांचे सांडपाणी त्यात उतरते. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची मोठी साथ आली, माणसे दगावली. पिण्याच्या पाण्यात मैल्याचे पाणी मिसळले की अशी कावीळ पसरते, आणि गरोदर बाईला ती फार धोक्याची असते. हिरव्या गालिच्याचा फोटो काढा, पण त्याखाली काय आहे हेही लिहा.

दुपारी आत्तीच्या माहेरी पोचलो. भावाचे घर अजून उभे आहे. भिंतीवर पाण्याच्या रेघा आहेत, फिकट तपकिरी, एकीवर एक. २००५ ची कुठली, २०१९ ची कुठली, २०२१ ची कुठली, हे घरातल्या पोरांना सांगता येईना. आत्तीने एकेका रेघेवर हात ठेवून सांगितले. एक तिच्या छातीला लागत होती. एकीवर हात पोचत नव्हता, तेव्हा तिने काठी उंच धरली. भाच्याने प्रत्येक वेळी फोटो काढला. ते फोटो बघितले की पाणी किती उंच होते हे सांगायला फुटपट्टी लागत नाही. आत्ती उभी आहे, एवढे पुरे.

मग तिने प्रत्येक पुरानंतर कोण आजारी पडले तेही सांगितले. पाणी ओसरून घरे धुतली, आठ-दहा दिवसांनी शेजारच्या दोघा भावांना जोराचा ताप आला, पोटऱ्या धरून ओरडत होते, डोळे लाल झाले होते. एक वाचला, एक गेला. ऐकल्यावर पहिला संशय लेप्टोचाच येतो. उंदरांच्या मुतातले जंतू चिखलात राहतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून शरीरात जातात. पाण्यात राबल्यानंतर दोन दिवसांपासून महिन्याभरात कधीही ताप आला आणि पोटऱ्या दुखल्या, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे आणि "आम्ही पुराच्या चिखलात होतो" हे आपणहून सांगावे. पूर ओसरला की प्रतिबंधाची गोळी घ्यायची का, कुणी घ्यायची, हे आरोग्य केंद्रातून किंवा आशाताईंकडून विचारून घ्यावे. गरोदर बायांना आणि लहान मुलांना ती सरसकट चालत नाही.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर वाडीला गेलो. घाटाच्या वरच्या अंगाला सावलीत आत्तीला खुर्ची टाकून बसवले. समोर दोन नद्यांचे दोन रंग एकत्र होत होते. दक्षिणद्वाराचे फोटो भाच्याच्या मोबाइलमध्ये होते, ते त्याने तिला दाखवले. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "पान्यात उतरल्याला फोटू काढत्यात. आमी पान्यातनं जीव घिऊन निगालो, तवा कुनी काढला न्हाई."

निघण्यापूर्वी

म्हाताऱ्या माणसाला घेऊन रस्त्यावर निघायचे तर थोडी तयारी लागते. ती अवघड नाही, पण ती झाली नाही तर फेरी दवाखान्यात संपते.

गोळ्या एका दिवसाच्या जास्त घ्याव्यात आणि पिशवीत न ठेवता जवळ ठेवाव्यात. गोळ्यांच्या चिठ्ठीचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावा. खरे तर सहलीचा पहिला फोटो हाच असावा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते गाडीच्या काचेजवळ किंवा दुचाकीच्या डिकीत ठेवू नये, उन्हाने ते वाया जाते. ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवावे, थेट बर्फावर ठेवू नये.

साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेतले आणि फोटोच्या नादात जेवायची वेळ टळली, हा प्रवासातला खरा धोका. घाम सुटला, हात थरथरले, माणूस असंबद्ध बोलू लागले, तर तीन चमचे साखर पाण्यात कालवून लगेच द्यावी आणि पंधरा मिनिटे थांबून बघावे. बरे वाटले की काहीतरी खायला द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवावे आणि १०८ ला फोन करावा.

बायांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगायला हवी. वाटेत शौचालय मिळणार नाही म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. म्हाताऱ्या बाईला त्याने लघवीचा संसर्ग होतो, आणि या वयात कधी ताप न येता माणूस एकदम गोंधळल्यासारखे वागते. घरचे म्हणतात प्रवासाने शिणली. तसे नसते. निघण्याआधी वाटेत कुठे थांबायचे हे ठरवा, चांगले शौचालय कुठे आहे ते विचारून घ्या आणि पाणी प्यायला लावा. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून चार पावले चालवा, म्हणजे पाय सुजत नाहीत आणि पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो.

पायांबद्दल विशेष. खूप वर्षे साखर असलेल्या माणसाच्या तळपायाची जाणीव कमी होते. नदीच्या घाटांचे दगड दुपारी तव्यासारखे तापतात. आपण अनवाणी चार पावलांत उड्या मारू लागतो, पण त्यांना चटका कळतच नाही आणि रात्री पाय धुताना फोड दिसतात. आत्तीच्या आज्ज्याचा अंगठा आठवा. चप्पल काढावी लागते अशा जागी त्यांना नेऊच नये, आणि न्यायचेच तर सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर न्यावे. रात्री दोन्ही तळवे उजेडात बघावेत.

गाडी नाही म्हणून कुणी अडून बसू नये. आपली एसटी आहे. पंचाहत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, आणि मार्च २०२३ पासून सर्व बायांना अर्धे तिकीट आहे. सरकारने दिलेली ही सवलत आपण दवाखान्याला आणि मयतीला जाण्यासाठी वापरतो. एकदा आपल्या माणसाला त्याचे गाव दाखवायला वापरावी.

पाण्याजवळ

पुराच्या दिवसांत मात्र ही फेरी अजिबात करू नये. दिवाळीनंतर होळीपर्यंत हवा चांगली असते. पावसाळ्यात नदी बघायला, त्यातून फोटो काढायला जाणाऱ्या तरुणांसाठी दोन आकडे सांगतो. ऑक्टोबर २०११ ते नोव्हेंबर २०१७ या काळात जगभरात सेल्फी काढताना २५९ माणसे मेली, असे आपल्या देशातल्या डॉक्टरांनी बातम्यांवरून मोजले. सर्वांत जास्त मृत्यू भारतात झाले होते, आणि मृत्यूचे पहिले कारण बुडणे हे होते. दुसरे म्हणजे, वाहते पाणी घोट्याच्या थोडे वर, वीतभर असले तरी धडधाकट माणसाचा पाय उचलते. फूटभर वाहत्या पाण्यात लहान मोटार तरंगू लागते. रस्त्यावरून पाणी जात असताना गाडी घालणारा फोटोत शूर दिसतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात येतो.

पाणी ओसरले तरी पायऱ्यांवर शेवाळ असते. म्हाताऱ्या माणसाचे खुब्याचे हाड मोडले तर पुढचे वर्ष खाटेवर जाते, अनेक जण त्यातून उठत नाहीत. पाण्याजवळचा फोटो वरच्या कोरड्या पायरीवरूनही छान येतो.

न दिलेले घेऊ नये

पंचशीलातले दुसरे शील आपण रोज म्हणतो. न दिलेले घेऊ नये. आम्हाला वाटते की कॅमेऱ्याच्या जमान्यात या शीलाचा अर्थ आणखी पुढे न्यायला हवा. माणसाने दिलेला नसताना घेतलेला चेहरा हीदेखील न दिलेली वस्तूच आहे. संगमावर बाया अंघोळ करतात, कपडे धुतात, त्यांच्याकडे मोबाइल वळवू नये. पूरग्रस्तांच्या शिबिरात अर्धवट कपड्यांतले, सलाईन लावलेले माणूस फोटोसाठी नसते. मदत देताना घेणाऱ्याला विचारावे, आणि तो नको म्हणाला तर किट देऊन मोबाइल खिशात ठेवावा.

घरातल्या माणसालाही विचारावे लागते. दात नसलेले तोंड आपल्याला गोड वाटते, तिला लाज वाटते. तिला पदर सारखा करू द्यावा. फोटो काढल्यावर तिला दाखवावा, नको म्हणाली तर पुसून टाकावा. तिचा फोटो कुणाकुणाला पाठवायचा हेही तिनेच ठरवावे.

एवढ्याने काय होणार?

आमच्या बैठकीत एक कार्यकर्ता म्हणाला, "ताई, पोटाचे प्रश्न पडलेत आणि तुम्ही फोटो काय घेऊन बसलात?" प्रश्न चुकीचा नाही. त्याला आम्ही नामदेव व्हटकरांची आठवण दिली. ७ डिसेंबर १९५६ ला मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली तेव्हा लेखक-कलावंत व्हटकरांनी ती कॅमेऱ्यावर चित्रित केली. सगळा समाज रडत असताना कुणाला तरी वाटले की हे टिपून ठेवले पाहिजे, म्हणून आज आपल्या नातवंडांना तो जनसागर बघायला मिळतो. मोठ्या माणसांचे कुणीतरी टिपते. आत्तीसारख्यांचे आपण टिपले नाही तर दुसरे कुणी टिपणार नाही.

आरोग्याच्या बाजूने बोलायचे तर आम्ही फार मोठा दावा करणार नाही. म्हाताऱ्या माणसांनी आपले जगलेले आयुष्य आठवून सांगणे हे मनाला गरजेचे आहे, असे अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली मांडले, आणि तेव्हापासून जुने फोटो, वस्तू, गाणी दाखवून आठवणी जागवण्याची पद्धत अनेक देशांत वापरली जाते. विसराळूपणाच्या आजारावर तिचा उपयोग किती, याचे सारे अभ्यास २०१८ मध्ये एकत्र तपासले गेले. फायदा दिसला, पण लहान आणि सगळीकडे सारखा नाही. म्हणजे हे औषध नव्हे, याने गोळ्या सुटणार नाहीत. पण एकटेपणाने माणूस आतून खचते, हे आता जगाने मान्य केले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये माणसामाणसांतल्या संबंधांवर स्वतंत्र आयोगच नेमला. खाटेवर दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसाला दिवसभर कुणीतरी विचारत राहते, ऐकत राहते, याचे मोल कळायला आयोगाची वाट बघायला नको. जुलाबाने घाणीत पडलेल्या, कुणी विचारत नसलेल्या भिक्खूला बुद्धाने आनंदाला बरोबर घेऊन स्वतः आंघोळ घातली होती. शुश्रूषा या शब्दाचा मूळ अर्थच ऐकण्याची इच्छा असा आहे.

पुराच्या बाबतीत तर उपयोग अगदी रोकडा आहे. पूर ओसरल्यावर तलाठी पंचनाम्याला येतात तेव्हा भिंती धुऊन झालेल्या असतात, चिखल काढलेला असतो. कोणत्या घरात पाणी किती होते यावर वाद होतो. साफसफाईला हात लावण्याआधी काढलेला, तारीख आणि ठिकाण असलेला फोटो त्या वेळी आपल्या बाजूने बोलतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ठिकाणाची नोंद चालू करता येते, पोरांकडून ती करून घ्यावी. फोटोत रेघ दिसावी आणि रेघेशेजारी घरातले माणूस उभे असावे. पुढच्या पावसाळ्याआधी कोणते घर किती फुटांवर रिकामे करायचे, आणि कुठल्या घरातल्या आजारी माणसाला सर्वांत आधी हलवायचे, हे ठरवायलाही याच फोटोंचा उपयोग होतो.

म्हणून नदीकाठच्या प्रत्येक गावातल्या विहारासाठी आम्ही एक काम सुचवतो. या वर्षावासात एक संध्याकाळ यासाठी ठेवावी. पोरांनी आपापल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाबरोबर काढलेले फोटो घेऊन यावे आणि ज्यांचे फोटो आहेत त्यांनाच बोलू द्यावे. कुणाच्या घरात साखर, कुणाकडे ब्लडप्रेशर, कुणाला पुरात उचलून न्यावे लागते, याची नोंद त्या घरच्यांना विचारून आशाताईंनी करून घ्यावी. आणि २००५, २०१९, २०२१ या तिन्ही वर्षांचे पाणी कुठवर होते ते म्हाताऱ्या माणसांना विचारून विहाराच्या बाहेरच्या भिंतीवर रंगाने रेघा माराव्यात, शेजारी साल लिहावे. रंगाचा एक लहान डबा आणि एक ब्रश, एवढाच खर्च आहे.

जयभीम.